अल्बममध्ये नसलेल्या विमलताई

अन्वी, निषाद,

विमलताई लिफ्टने कधीच वर येत नसत. इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या इमारतीत तीन लिफ्ट आहेत आणि तिन्ही चालतात. तरी एकाहत्तराव्या वर्षी त्या पाठीवर सॅक अडकवून, आग लागल्यास वापरायच्या जिन्याने आपल्या घरापर्यंतचे नऊ मजले चढत. त्या जिन्यात एसी नाही. सॅकमध्ये पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. पहिल्या भेटीत त्या आमच्या सातव्या मजल्यावर घामाघूम होऊन थांबल्या होत्या. मी दार उघडताच म्हणाल्या, "फोडणीच्या वासावरून ओळखलं, घर मराठी आहे. पाणी दे गं. सॅकमधलं प्यायचं नाही, ते वजनासाठी आहे."

"डॉक्टरांनी सांगितलंय का चढायला?" मी विचारले.

"डॉक्टर कशाला सांगतोय! पाटणला घरामागे डोंगर होता. मुलाने आणून ठेवलं या सपाट वाळूत. डोंगर नसला तर जिना असतो."

उन्हाळ्यात आम्ही दोघी सकाळी मॉलमध्ये चालायला जाऊ लागलो. माझा हिशेब ठरलेला : चार फेऱ्या, वळण प्रत्येक वेळी त्याच खांबाशी. दुकाने उघडण्याआधी तिथले सरकते जिने बंद असतात. त्यांच्यासमोर विमलताई पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधत. "यल्ला, चल सुलभा, फुकटचा डोंगर!" रखवालदार धावत येई, "मॅडम, वो बंद है!" त्या वरूनच सांगत, "इसीलिए तो चढ रही हूँ, भैया!" मी खाली उभी राहून त्यांची पर्स धरत असे. तेव्हा त्याचे काही वाटत नसे.

मग तुम्ही मेलबर्नहून सुट्टीत आलात आणि तुमच्या आईने मॉरिशसचा बेत काढला. तिने विमलताईंनाही "चला" म्हटले. मला ते आवडले नाही. वर्षातले दहा दिवस तुम्ही माझे असता, त्यात वाटेकरी कशाला?

मी फाइल केली होती, आठवते? ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर वाढलेले जंगल, त्यातले धबधबे, कोणती वाट किती लांब, कुठे घसरडे, सगळे रंगीत पेन्सिलींनी. विमानात मी तुम्हाला ते वाचून दाखवले. विमलताई शेजारी झोपल्या होत्या. नकाशा मला पाठ होता.

प्रत्यक्षात वाट सुरू झाली ती ओल्या मुळांच्या पायऱ्यांनी. खाली सगळे हिरवे आणि अंधारे. बारा पायऱ्या उतरून मी थांबले. गुडघे दुखत नव्हते, भीती वाटली. मी म्हटले, "बॅगांजवळ कोणीतरी थांबायला हवं." बॅगा गाडीत होत्या आणि गाडीला कुलूप होते. अन्वी, तू आठ वर्षांची होतीस. माझ्या गालाची पापी घेऊन म्हणालीस, "इट्स ओके, आजी. यू आर सो गुड ॲट वेटिंग." आणि विमलताईंचा हात धरून उतरलीस.

तीन तास मी गाडीपाशी बसले. पाण्याचा आवाज तिथपर्यंत येत होता. टॉवेलांच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या.

तुम्ही गुडघाभर चिखलात परतलात. निषाद लांबूनच ओरडला, "आजी, विमलआजी वेंट अंडर इट! इन हर पंजाबी ड्रेस!" विमलताईंच्या केसांतून पाणी ठिबकत होते. "सुलभा, असलं पाणी! डोक्यात कोणी धान्य ओततंय असं वाटलं बघ. तू यायला हवं होतंस."

"सर्दी होईल," मी म्हटले आणि टॉवेल दिला.

मला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्या पायांचा, त्यांच्या चिखलाचा, आणि अन्वी, गाडीत बसेपर्यंत तू न सोडलेल्या त्यांच्या हाताचा. परत आल्यावर मी अल्बम केला, नेहमीसारखा, तारखांसह. निषादने माझ्या फोनवर काढलेला धबधब्याचा एकही फोटो त्यात लावला नाही. तुम्ही विचारलेत तेव्हा "फोनमधून पुसले गेले" असे सांगितले. ते खोटे होते.

तुम्हाला पाठवण्याआधी विमलताईंनी तो अल्बम आमच्या सोफ्यावर बसून शेवटपर्यंत पाहिला. "छान लावलायस. धबधबा कुठाय?"

"फोटो नीट आले नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, अल्बम मिटला. "असू दे. पुढच्या वेळी तू जा खाली, म्हणजे नीट येतील."

या एप्रिलमध्ये त्यांच्या मुलाची नोकरी गेली. इथे म्हाताऱ्यांचा मुक्काम मुलाच्या नोकरीवर असतो. महिन्याभरात घर रिकामे झाले. निघताना विमलताई सातव्या मजल्यावर आल्या, त्या दिवशीही जिन्यानेच. पाठीवरची सॅक उतरवून माझ्या दाराशी ठेवली. "विमानात पाणी नेऊ देत नाहीत," म्हणाल्या. "तू सांभाळ. सांभाळण्यात तू पटाईत." आणि हसल्या. ते मला लागले, आणि लागावे म्हणूनच त्या म्हणाल्या असाव्यात.

ती सॅक आठवडाभर दाराशी तशीच पडून होती. आता रोज सकाळी मी ती घेऊन चढते. काल पाचव्या मजल्यापर्यंत गेले. आधी एकच बाटली घेत होते, सोमवारपासून दोन घेते.

सोबत फोटो पाठवते आहे. पाण्याखाली विमलताई, शेजारी डोळे मिटलेली अन्वी, कोपऱ्यात निषादचा अंगठा. नीट आला आहे. अल्बमच्या अकराव्या पानानंतर लावा. पुढचे पान कोरे ठेवा. डिसेंबरात याल तेव्हा पुन्हा त्या जंगलात जायचे आहे, तुमच्या आईला मी सांगितले आहे. अन्वी, खाली उतरताना तू माझा हात धरायचा आहेस. बॅगांना गाडीचे कुलूप पुरे.

तुमची,
आजी