खांबांना पाणी

मालेगावात मोडकळीला आलेली जुनी बाजारलाइन पाडून नवे गाळे बांधायला घेतलेत. तिथला म्हातारा टेलर आता समोरच ताडपत्रीखाली बसतो. मी सकाळी बसची वाट पाहतो तेव्हा तो गळ्यातला टेप सावरत बादली भरतो आणि नव्या खांबांना गुंडाळलेली पोती भिजवतो. मशीनला हात नंतर. मला वाटायचं, फुकटची हमाली!

शेवटी विचारलंच, "काका, हे ठेकेदाराचं काम. तुमी कायले करता?"

"पाणी कमी पडलं तं सिमेंट तडकते. जुनी लाइन गळे, तवा आमी आपापल्या दुकानावर पन्नी टाकून मोकळे."

"यातला तुमचा गाळा कोणता?"

"कोणाले कोणता, त्याच्या चिठ्ठ्या निघाच्या हायेत अजून." तो पुढच्या खांबाकडे वळला. "तवर सगळेच माहे."