दोन दिवस आराम

वडिलांची कंबर धरली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, उचलायचं नाही. घरात पडून राहिले तर चाळीतले लोक बिघडलेले पंखे घेऊन येणार, म्हणून त्यांच्या पॅकिंग खात्यातल्या मित्राने सुचवलं, शनिवार-रविवार माझ्या शेतावर चला. बदलापूरच्या पुढे, डोंगरांच्या कुशीत त्याचं घर होतं. आई लगेच हो म्हणाली.

शुक्रवारी वडील चादर आणायला म्हणून उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेले आणि चादर न आणताच परतले. आईने ते झोपल्यावर त्यांची पिशवी तपासली. तळाशी पंच्यात गुंडाळलेले, बोल्ट सोडवायचे सात पाने निघाले. आईने ते पिठाच्या डब्यामागे ठेवले आणि मला म्हणाली, "वजन कमी वाटायला नको." मी मोजून तेवढेच बटाटे पंच्यात बांधले.

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरल्यावर फाट्यापासून अर्धा तास ती पिशवी मीच वाहिली. वडील सारखे मागे वळून, जपून आण, म्हणत होते. मी खूप जपून आणली.

शेतावर पोचल्यावर मित्राच्या बायकोने फणसाखाली खाट टाकली. वडिलांनी पिशवी उशाशी घेतली, हळूच पंचा उघडला आणि पुन्हा बांधला. आई शांतपणे म्हणाली, "वहिनी, यांनी तुमच्यासाठी बटाटे आणलेत." मित्राने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

जेवायला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. समोर डोंगर, खाली ओढा, थंडीतलं ऊन. माझा आराम छान चालला होता. वडील मात्र खाटेवर कुशी बदलत होते आणि नजर ओढ्याकाठच्या पंपाच्या इंजिनावर.

रविवारी सकाळी आई हंडा घेऊन मित्राच्या बायकोबरोबर ओढ्यावर गेली. बाईने सांगितलं, पंप आठ दिवस पाणी ओढत नाही, काकडीचे वेल जगवायला ती रोज चाळीस हंडे वाहते. "भावजींना बोलू कशी? ते आजारी," असंही म्हणाली. आईने त्या सकाळी तिच्याबरोबर सहा हंडे वाहिले आणि सरळ खाटेपाशी आली.

"अहो, काय बिघडलंय त्याचं?"

वडिलांनी शर्टाच्या खिशातून पंपाचं नवं पॅकिंग काढलं, सांध्यातून हवा शिरू नये म्हणून बसवायची रबरी चकती. पंपाचं दुखणं मित्राकडून आधीच ऐकून चादरीच्या जागी तेच आणलं होतं.

आईने अट घातली. वडिलांनी खाटेवरून पाय खाली टाकायचा नाही. तोंडाने सांगायचं, हात तिचे. मित्र करतो म्हणाला, तर आईने त्याला नको म्हटलं. तो चुकला की हे उठणार, मी चुकले तर उठायची यांची हिंमत होणार नाही, असा तिचा हिशेब. मित्राने गावातल्या गिरणीवाल्याकडून पाने मागून आणले. मग आम्ही चौघांनी वडिलांसकट खाट उचलून ओढ्यावर नेली.

आईने पदर खोचला. बोल्ट सोडवले, जुनं पॅकिंग विळ्याच्या टोकाने खरवडलं. वडील सांगत होते, समोरासमोरचे बोल्ट आवळ, एकाच बाजूने नको. दोनदा त्यांचा पाय खाली आला. दोनदा आईने नुसतं पाहिलं आणि पाय वर गेला.

पंपात पाणी भरून मित्राने हँडल फिरवलं. तिसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं, आणि पाइपातून आधी हवा, मग चिखल, मग पाणी आलं. मित्राची बायको पाटाच्या कडेने वेलांपर्यंत पळत गेली. आई काळे झालेले हात पुढे धरून तशीच उभी राहिली. तिच्या कपाळावरही वंगण होतं आणि ते पुसावं असं कोणालाच वाटलं नाही.

"वयनी, आमच्या कारखान्यात जागा हाय," मित्र म्हणाला.

सोमवारी त्याने खात्यात सगळ्यांना सांगितलं, पंप वहिनींनी दुरुस्त केला. वडील नाकारत नसत. एवढंच म्हणत, बोल्ट कुठला आधी ते मी सांगितलं होतं. आईच्या नखांतलं काळं जायला आठवडा लागला आणि त्या आठवड्यात तिने भांडी मला घासायला लावली.