पेचकसाचं टोक

देवासला अर्धा-अर्धा दिवस वीज जायची, त्या वर्षांत आमच्या गल्लीतल्या डिझेल जनरेटरच्या मिस्त्रीला उसंत नसे. पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक तो चालू इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. इंजिन पसंत पडलं, तर टोक टेकवलेली जागा फडक्यानं पुसायचा. बिघाड असला, तर न पुसताच म्हणायचा, "भिया, खोलावं लागेल."

गावाबाहेरच्या टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा तो भडकला. "वारा पडला की हे पंखे काय करणार? शेवटी डिझेलच लागेल, लिहून घ्या!"

एका रविवारी मात्र माझ्या स्कूटरवर मागे बसून तो टेकडीवर आला. पहिल्याच पवनचक्कीच्या लोखंडी खांबाला त्यानं पेचकस टेकवला आणि डोळे मिटले. वर पाती सावकाश फिरत होती. चौकीदार ओरडला, "ओ भिया, क्या कर रहे हो?" मिस्त्रीनं हातानंच त्याला गप्प केलं. बराच वेळ तो ऐकत राहिला.

मी विचारलं, "काय, खोलावं लागेल?"

तो हसला नाही. खिशातून फडकं काढून त्यानं खांबावरची तेवढी जागा निगुतीनं पुसली.