दोन कुलपांचं गोदाम

आमच्या गोदामाच्या शटरला दोन कुलपं असायची. उजवीकडचं भाडेकरूचं, डावीकडचं बाबांचं. हायवेवरचं वडपे सोडून आतल्या रस्त्याला लागलं की आमचं गाव येतं, आणि तिथल्या बऱ्याच जुन्या मालकांची हीच पद्धत. भाताची खाचरं बुजवून गोदामं उभी राहिली, घरबसल्या भाडं यायला लागलं आणि माणसांच्या हाताला कामच उरलं नाही. बाबा सकाळी नऊच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे, कमरेची चावी काढून आपलं कुलूप उघडायचे, मग भाडेकरूचा माणूस त्याचं उघडायचा. दिवसभर बाबा बाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि संध्याकाळी पुन्हा कुलूप लावून घरी यायचे. याला ते ‘ड्युटी’ म्हणायचे. कुणी लग्नाचं आमंत्रण घेऊन आलं तरी आधी ड्युटीची वेळ बघायचे.

आत मात्र ते कधी गेले नाहीत. भाडेकरूच्या मालात डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, असं त्यांचं मत.

“आत असतं तरी काय?” मी एकदा विचारलं होतं.

“खोकी.”

“आणि खोक्यांत?”

“त्याचं त्याला म्हाईत. आपण कशाला इचारायचं?”

मला तेव्हा हसू आलं होतं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

मी लग्नानंतर भिवंडी शहरात राहते आणि तिथल्याच एका शाळेत शिकवते. शाळेला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने, त्यामुळे खडखडाटावर आवाज चढवून शिकवायची सवय झालीय. दोन-तीन वर्षांपूर्वी शाळेच्या मागच्या भिंतीपाशी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडायला लागल्या. निळं झाकण, पिवळं लेबल. आठवी-नववीची मुलं भर दुपारी बाकावर डोकं टाकून पडायची. हलवलं तर डोळे उघडायचे, पण त्या डोळ्यांत कुणी नसायचं. खोकला एकालाही नव्हता. मी मुख्याध्यापकांच्या मागे लागले, पोलिसांना निवेदन दिलं, मुलांकडून नशामुक्तीची शपथ वदवून घेतली. सरकार झोपा काढतंय काय, असं स्टाफरूममध्ये तावातावाने बोलणारी मीच होते.

सरकारी गाड्या आल्या त्या आमच्याच गोदामाच्या दारात. रविवार होता म्हणून मी माहेरी होते. अधिकारी आले, सोबत पंच म्हणून गावातलीच दोन माणसं. भाडेकरूच्या माणसाचा फोन बंद. मग त्यांनी कटरने उजवीकडचं कुलूप तोडलं आणि डावीकडच्याला हात घातला, तसे बाबा पुढे झाले.

“अहो सायेब, तोडता कशाला? चावी हाय ना माझ्याकडं.”

त्यांनी ऐटीत कमरेची चावी काढली, कुलूप उघडलं आणि बाजूला उभे राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला. चोर असता तर पळाला असता. हा माणूस स्वतःहून दार उघडून देतोय, एवढं तरी साहेबांना दिसेल असं मला वाटलं.

खोक्यांवर बाथरूम क्लीनरचं नाव होतं. पहिलं खोकं फाडलं आणि आत निळी झाकणं दिसली. पिवळं लेबल. छपरापर्यंत तीच खोकी. मी बाबांकडे बघितलं. ते खोकल्याचं औषध बघून चक्क निवांत झाले होते. म्हणाले, “औषध हाय व्हय? मना वाटलं दारूबिरू हाय का काय.” मला त्यांचा इतका राग आला की तोंड फिरवून उभी राहिले.

अधिकारी वयाने तरुण, बोलायला सभ्य. त्याने बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

“काका, गोदाम कोण सांभाळतं?”

“मीच. माझ्या परवानगीबिगार हितं कुत्रं पण आत जात न्हाय.”

अधिकाऱ्याने एकदा मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि मग ते वाक्य लिहून घेतलं. आमच्या गावात मालकीचं विचारलं की असंच उत्तर मिळतं. जमीन गेली तरी तोरा राहतो. संध्याकाळी बाबांना गाडीत बसवलं, तेव्हाही ते मला सांगत होते की शटर नीट ओढून घे.

तीन दिवसांनी मला जबाबाला बोलावलं. सगळा वेळ माझ्या मनात एकच होतं, माझा बाप सज्जन आहे हे यांना पटलं पाहिजे. लेखनिकाने लिहिलं होतं, ‘वडील अधूनमधून गोदामाकडे जात असत.’ मला ते झोंबलं. म्हटलं, अधूनमधून नाही, रोज. आजारपणातसुद्धा कधी खाडा नाही. चावी झोपतानाही कमरेला. त्यांनी बदल केला, मी वाचलं आणि सही केली. बाहेर पडताना मला बरंच वाटत होतं.

हळूहळू बाकीचं कळत गेलं. बाटल्या विकून आलेला पैसा फिरवायला एक खोटी फर्म काढली होती आणि आमचं भाडं तिच्याच खात्यातून यायचं. त्यामुळे बाबांचं खातंही गोठवलं. करारावर ज्याची सही, तो आमचा भाडेकरू कोर्टाच्या व्हरांड्यात पहिल्यांदा दिसला. लूमवर बारा तासांची शिफ्ट करणारा, कानात अजून कापसाचे बोळे. कर्ज मिळवून देतो म्हणून कुणीतरी त्याची कागदपत्रं आणि सह्या नेल्या होत्या.

“चाचा, मैंने तो आपका गोदाम देखा भी नहीं,” तो बाबांना म्हणाला.

“मी पण कुठं बगितलं?” बाबा म्हणाले.

ज्याने हे सगळं जुळवलं तो, आणि रोज उजवीकडचं कुलूप उघडणारा त्याचा माणूस, दोघेही आजवर सापडलेले नाहीत.

जामिनाच्या सुनावणीत सरकारी वकिलांनी माझा जबाब वाचून दाखवला. रोज. खाडा नाही. झोपतानाही चावी कमरेला. “ही आरोपीची स्वतःची मुलगी सांगते, महोदय.” बाबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ते चिडले असतील. ते कौतुकाने बघत होते. आपण कामात कधी कसूर केली नाही, हे भर कोर्टात कुणीतरी वाचून दाखवत होतं ना. जामीन नाकारला गेला.

आमच्या वकिलांनी नंतर समजावलं. अमली पदार्थांच्या या कायद्यात माल ज्याच्या ताब्यात सापडतो त्यालाच सिद्ध करावं लागतं की आपल्याला माहीत नव्हतं. आणि रोज कुलूप उघडणाऱ्याला माहीत नव्हतं, हे कोण ऐकून घेणार? खटल्यात मी सरकारी साक्षीदार आहे. मी जबाब फिरवला तर थोडी आशा आहे, असं त्यांनी आडून आडून सुचवलं.

तुरुंगातल्या पहिल्या भेटीत मी तब्येत विचारली नाही. काचेपलीकडे फोन उचलल्याबरोबर सांगून टाकलं, “बाबा, त्या बाटल्या माझ्या वर्गात येत होत्या.” त्यांनी एवढंच विचारलं, “किती पोरं?” मी आकडा सांगितला नाही. मला माहीतही नव्हता, आणि माहीत असता तरी सांगवला नसता.

मागच्या महिन्याच्या भेटीत ते वाळलेले दिसले. शर्टाच्या कॉलरमध्ये मान हलत होती. वकील त्यांनाही भेटून गेले होते.

“बाय, तू कोर्टात सांग,” ते म्हणाले, “का म्हातारा गोदामाकडं जायचाच न्हाय. घरात पडून असायचा. पोरांच्या जिवावर खायचा, कामाचा न्हाय, ध्यान न्हाय त्याचं कशात.”

“खोटं सांगू?”

“सांग. दुसरं काय करतंस?”

ज्या माणसाने आयुष्यात मला एक खोटा शब्द बोलू दिला नाही, तो हे सांगत होता, आणि मला त्याला नाही म्हणता आलं नाही. सांगेन म्हटलं. शपथेवर उभी राहून खरंच सांगू शकेन का, हे आजही मला ठाऊक नाही. त्या मुलांचे डोळे आठवतात आणि माझी मलाच चीड येते.

पलीकडे शिपायाने हात दाखवला, वेळ झाली होती. बाबा उठले, फोन ठेवायला गेले आणि पुन्हा कानाला लावला.

“सांगशील तवा माझ्याकडं बघू नको, बाय.”