वर खोचलेलं लुगडं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या थोरल्या वहिनीचे. वैजापूरकडं आमची मेंढरं होती. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि गावात मराठी शाळा निघाली, तेव्हा मेंढरांमागं कुणी जायचं यावरून घरात वाद झाला. वहिनीनं काठी उचलली. "मेंढरं तुमच्यापरीस माझं जास्त ऐकत्यात, भावजी. जा साळंत." त्या जोरावर मी शिकलो आणि औरंगाबादेत आमच्या घरातला पहिला बी.ए. झालो.

नव्या शाळांना इतिहासाची सचित्र पुस्तकं हवी होती. चित्रं काढायचा नाद मला लहानपणापासूनचा, म्हणून गुलमंडीतल्या एका प्रकाशकानं मला एक चित्र काढायला दिलं. ते पसंत पडलं तर पुढची सगळी माझी, नाहीतर मी गावी परत.

मी देवगिरीखालचा जुन्या काळचा रस्ता काढला. मेण्यातून उतरणारी सरदाराची बायको, नेसूचा घोळ पायाच्या बोटांवर. पलीकडं दूर रानात, मेण्याकडं पाठ करून मेंढरं हाकणारी बाई, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं.

प्रकाशनाच्या मालकांनी चष्मा वर सरकवून मेंढरंवालीवर बोट ठेवलं. "हिच्या पोटऱ्या झाका. मुलांचं पुस्तक आहे."

मी रबर घेतलं, पण हात चालेना. काट्याकुट्यात लुगडं अडकू नये म्हणून वहिनी ते असंच खोचायची. गावात शिरल्यावर मात्र पाटलांच्या माडीपुढं आमच्या बायका चपला हातात घ्यायच्या आणि खोचलेलं लुगडं खाली सोडायच्या. माडी मागं पडली की पुन्हा वर. लहानपणापासून हे बघत आलो होतो. बाई कुणापुढं उभी आहे ते लुगडं सांगतं, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा उमगलं.

"मालक, लुगडं खाली सोडायचं तर समोर पाटलाची माडी काढावी लागेल."

"ती कशाला?"

मी रिवाज सांगितला. "रानात कुणापुढं सोडणार? मेंढरांपुढं?"

त्यांनी चित्र जवळ ओढलं. "ही तुमच्या घरातली दिसते."

"माझी वहिनी आहे."

"मग मी कोण झाका म्हणणारा! पण मास्तर लोक बोंबलत आले, तर त्यांना तोंड तुम्ही द्यायचं." त्यांनी चित्र तसंच छपाईचा ब्लॉक करायला पाठवलं आणि पुढच्या धड्याची पानं माझ्या हातात दिली.

त्याच संध्याकाळी मी गावी पत्र टाकलं. वहिनीला वाचता येत नव्हतं, पुतण्या वाचून दाखवायचा.

"वहिनींना नमस्कार. मला काम मिळालं. इतिहासाच्या पुस्तकात तुमचं चित्र येतंय, रानात असता तसंच. कुणी नावं ठेवली तर मनावर घेऊ नका. आता पाणवठ्याचं चित्र काढायचंय. पूर्वी पाणी भरताना बायका कशा नेसत, पदर कुठं खोचत, ते आईला विचारून कळवा. पुस्तक आलं की शाळेत जाऊन बघा. छपाईत रंग नाही, तुमचं हिरवं लुगडं काळं दिसेल. त्याला माझा इलाज नाही. तुमचा धाकटा दीर."