रोज निघणारं वय

समाजाच्या परिचय मेळाव्यात माइक रीताच्या हातात असायचा. दिवाळीनंतरच्या एका रविवारी वर्ध्याच्या मंगल कार्यालयात लग्नाची मुलंमुली एकेक करून स्टेजवर येत, आणि रीता त्यांची ओळख करून द्यायची. मराठीत एम.ए. झालेली ती समाजातली पहिली मुलगी. नोकरी काही लागली नव्हती. पण त्या एका दिवशी हॉलभर तिचाच आवाज असे. बाया म्हणायच्या, "काय बोलते वो ही पोरगी! काळीले सावळी करते अन् सावळीले गोरी."

मेळाव्याची पुस्तिकाही तीच लिहायची. प्रत्येक मुलामुलीवर एक परिच्छेद. एकाला लावलेलं विशेषण ती दुसऱ्याला लावत नसे.

२००५ च्या उन्हाळ्यात मंडळाचे अध्यक्ष मोतीलालजी यांनी तिला आपल्या लोखंडाच्या दुकानात बोलावलं.

"यंदा पुस्तिका बंद, बेटा. वेबसाइट. आपली दिपाली बनवून राह्यली. मेळाव्यात मोठ्या पडद्यावर दाखवू. स्टेजवर दिपालीच बसन, तेच सांगन. तू तिले जरा मदत करजो. तुह्यी भाषा चांगली आहे."

"हो काका," रीता म्हणाली.

घरी येऊन तिने तवा असा आपटला की आई आतून म्हणाली, "काऊन वो? तव्यानं काय घोडं मारलं?"

दिपाली सिंदी मेघेत रीताच्या मागच्याच गल्लीत राहायची. दोघी पहिलीपासून एका वर्गात. शाळेत नाव घालताना गुरुजी कुणाला जन्मतारीख विचारत नसत. आईबापांनाही ती सांगता येत नसे. गुरुजी सरळ एक जुलै लिहून टाकायचे. दिपालीचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. ते कागद घेऊन गेले, म्हणून वर्गात तिची एकटीची तारीख वेगळी होती, वीस नोव्हेंबर. त्या दिवशी ती नवा फ्रॉक घालून यायची आणि लिमलेटच्या गोळ्या वाटायची. बाकीच्या सगळ्यांचा वाढदिवस शाळा सुरू होण्याच्या गडबडीत एकदम येऊन जायचा, कुणाच्या लक्षातही न येता. रीता ती गोळी खात नसे. कंपासपेटीत ठेवायची. तिला मुंग्या लागायच्या.

पुढे दिपालीने काही दिवे लावले नाहीत. बी.एस्सी.ला एकदा नापास झाली. तिला ऱ्हस्व-दीर्घ आजही कळत नव्हतं. कॉलेजात तिचे निबंध रीताने तपासून दिले होते. मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची, पेन्सिल केसांत खोचून ती घरभर शोधत फिरायची. मग कॉम्प्युटरच्या क्लासला नागपूरला रोज अपडाऊन करायला लागली. तीन वर्षांनी तिच्या घरच्या बैठकीच्या खोलीत एक कॉम्प्युटर आला. त्यावर आईच्या जुन्या लुगड्याचं पांघरूण असायचं. लोक म्हणायचे, पोरगी त्याच्यासमोर बसून दिवस काढते.

रीता तिच्याकडे जुन्या पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन गेली. दिपालीने एक परिच्छेद वाचला. सुलोचनाबाईंच्या वनितावर लिहिलेला होता.

"मस्त आहे वो. हाच घेते."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कायले? एक पुरते."

तिने तो परिच्छेद टाइप केला. मग जिथे 'वनिता' होतं ते खोडून महिरपी कंसात 'नाव' असं लिहिलं. जिथे 'सिंदी मेघे' होतं तिथे 'गाव'. शिक्षण, वडील, मामेकुळ, सगळ्यांच्या जागी कंस. रीताचं वाक्य भोकं पाडल्यासारखं दिसू लागलं.

"हा झाला साचा," दिपाली म्हणाली. "माहिती दुसरीकडे तक्त्यात भरून ठेवली आहे. आता पाह्य."

तिने बटन दाबलं. वनिता आली. परत दाबलं. हिंगणीची एक मुलगी आली. मग पुलगावचा एक मुलगा. 'राहते'चं आपोआप 'राहतो' झालं.

"याला तर नोकरी नाही," रीता म्हणाली. तिचा आवाज तिलाच कोरडा वाटला. बेकार मुलांबद्दल काय लिहावं, या एका प्रश्नावर तिने किती दुपारी घालवल्या होत्या.

"नाई ना. नोकरीचा रकाना रिकामा असला का ते वाक्यच येत नाई. सांगून ठेवलं आहे मी त्याले."

रीता पाहत राहिली. अख्खा समाज तिच्या एका वाक्यात येऊन बसत होता आणि उठून जात होता. वाक्य तिचं होतं. तरी ते तिचं राहिलं नव्हतं. ही अक्कल हिला कुठून आली, असं तिला वाटलं. आणि मला कशी नाही आली?

"ही तारीख उलटी का आहे?" तिने तक्त्याकडे बोट दाखवलं. काहीतरी चूक सापडावी अशी तिची फार इच्छा होती.

"आत उलटीच ठेवतात. आधी साल, मंग महिना, मंग दिवस. म्हणजे लहानमोठं लावाले सोपं जाते. बाहेर दाखवताना सुलटी."

"आणि वय कुठे लिहिलंस?"

"वय लिहूनच नाई ठेवलं. जन्मतारीख ठेवली, दाखल्यावरची. वय रोज निघते. पान उघडलं का आजच्या तारखेतून ते वजा."

पुस्तिकेत वय एकदा लागलं की लागलं. पुढच्या वर्षी तेच उतरायचं. त्याला कुणी खोटं म्हणत नसे. पुस्तिकेत रीता स्वतः तीन वर्षं पंचवीसची होती.

साइट जूनच्या शेवटी सुरू झाली. मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी पहिलं पान पाहिलं. त्यावर मोतीलालजींचा फोटो होता. टाळ्या झाल्या. आतली पानं कुणी उघडली नाहीत. एक रीता सोडून. ती रोज आर्वी नाक्यावरच्या नेट कॅफेत जाऊन बसायची आणि चुका शोधायची. शुद्धलेखनाच्या सापडायच्या. त्या सांगितल्या की दिपाली "बरं केलं वो" म्हणून लगेच सुधारायची. त्यात काही सुख नव्हतं.

एक जुलैला सकाळी तिने आपलं पान उघडलं. काल सत्तावीस होतं. आज अठ्ठावीस. तिने वनिताचं उघडलं. कालचं सव्वीस, आज सत्तावीस. मग पुढचं, त्याच्या पुढचं. गुरुजींनी एका तारखेला जन्माला घातलेली सगळी मुलंमुली आज एकदम वर्षाने मोठी झाली होती.

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करू नये, हे तिला माहीत होतं. तरी ती उठली आणि तडक सुलोचनाबाईंकडे गेली.

"मावशी, चला. वनिताचं पान दाखवते."

सुलोचनाबाई नवं लुगडं नेसून कॅफेत आल्या. फोटो पाहून हरखल्या. मग पुढे वाकल्या.

"सत्तावीस? अव माय! हे कोन सत्तावीस?"

"वनिता."

"चोवीसची आहे वो ते! तूच तं लिहिलं होतं!"

"मी लिहिलं होतं, मावशी. आता मशीन लिहिते. काल सव्वीस होतं."

"काल सव्वीस अन् आज सत्तावीस? मंग उद्या?"

रीता गप्प राहिली. नेमकं कुठे गप्प राहायचं हे तिला जमायचं.

समुद्रपूरचे पाहुणे त्याच आठवड्यात वनिताला पाहायला येणार होते. ते आले, पोहे खाल्ले, आणि कळवतो म्हणून गेले. त्यांचा मुलगा पुण्याला होता. त्याने साइट पाहिली होती. कळवलं ते नाहीच.

मग मोतीलालजींच्या दुकानाच्या माडीवर बैठक बसली. माडी भरली. खालची गिऱ्हाइकंही जिन्यात येऊन उभी राहिली.

"बेटा, वय जसं होतं तसं करून टाक," मोतीलालजी म्हणाले.

"काका, वय मी कुठी लिहिलंच नाई. ते रोज निघते."

"रोज?" सुलोचनाबाई उठल्या. "म्हणजे माह्यी पोरगी रोज म्हातारी होऊन राह्यली?"

"रोज तं सगळेच होऊन राह्यले, मावशी. एक जुलै होती ना. अर्ध्या समाजाचा वाढदिवस."

जिन्यातली गिऱ्हाइकं हसली. सुलोचनाबाई हसल्या नाहीत. "हसा! तुमच्या पोरी उजवल्या, हसा!"

रीताने घसा साफ केला. "मला वाटतं, मुलींचं वय दाखवूच नये," ती गोड आवाजात म्हणाली.

"मंग पोरायचंही नाई दाखवत," दिपाली म्हणाली. "पियुषचं चौतीस दाखवून राह्यलं. पुस्तिकेत एकोणतीस होतं."

पियुष मोतीलालजींचा पुतण्या. तो कोपऱ्यात वजनकाट्याजवळ उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो काट्याकडे पाहू लागला. मोतीलालजींनी टोपी काढली, परत घातली.

"सगळ्यायचंच काढून टाक."

"एक ओळ आहे काका. आज काढते."

"अन् मेळाव्याले स्टेजवर रीताच राहू दे. तिले लोकायशी बोलता येते."

रीताने मान खाली घातली. हसू आवरत नव्हतं.

जिना उतरताना दिपाली तिच्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "बरं झालं वो, तुले भेटलं. मले एवढ्या लोकायपुढे भेवच वाटत होता." रीताला तो हात झटकावासा वाटला. हिने भांडायला हवं होतं. निदान रडायला तरी.

मेळाव्याच्या दिवशी रीता मोहरीच्या फुलांच्या रंगाची साडी नेसली. माइक हातात आला तेव्हा तिला बरं वाटलं. मग दिवे मालवले, मागच्या पडद्यावर पहिलं पान उमटलं, आणि हॉलमधल्या सगळ्या माना एका बाजूला कलल्या.

"बाई, जरा सरका ना! दिसत नाई."

रीता सरकली. तरी अक्षरं तिच्या साडीवर पडतच होती. ती बोलू लागायच्या आत लोकांचं वाचून व्हायचं. तिने विशेषणं वाढवली. कुणी ऐकत नव्हतं.

वनिता आली तेव्हा मागून आवाज आला, "वय किती?"

पडद्यावर ते नव्हतं. रीताने सुलोचनाबाईंकडे पाहिलं. सुलोचनाबाईंनी हात जोडल्यासारखे केले. चोवीस म्हणावं तर हॉल हसेल. सत्तावीस म्हणावं तर ही बाई जन्मभर बोलणार नाही.

वनिताने तिच्या हातातून माइक घेतला.

"सत्तावीस. दाखल्यावरचं. खरं माह्या मायले विचारा, पण ते सांगणार नाई."

हॉल हसला. नंतर टाळ्या पडल्या. मग जो येई तो माइक मागे आणि आपलं वय आपण सांगे. पियुषने चौतीस म्हटलं तेव्हा शिट्ट्या वाजल्या. रीता माइक द्यायची, परत घ्यायची, पुसायची, पुन्हा द्यायची. तिचं स्वतःचं पान आलं तेव्हा ती "अठ्ठावीस" म्हणाली. हॉलमध्ये त्या वेळी चहा वाटत होते.

शेवटची मुलगी उतरली. हिंगणीहून आलेली एक बाई उभी राहिली. तिचा मुलगा इंजिनिअर असल्याचं सकाळपासून सगळ्यांना माहीत झालं होतं.

"अन् ते मागं मशीनवाली पोरगी कोनाची वो? तिचं पान नाई दाखवलं. सांगा ना तिचं!"

सगळा हॉल मागे वळला. दिपाली प्रोजेक्टरजवळ खुर्चीवर मांडी घालून बसली होती. तिच्या तोंडात समोसा होता.

दिवसभरात पहिल्यांदा पडदा कोरा होता आणि लोक रीताच्या बोलण्याची वाट पाहत होते. दिपालीबद्दल तिला सगळं माहीत होतं. सांगायला लागली असती तर संध्याकाळ झाली असती.

तिने माइक तोंडाजवळ नेला.

"तिचं ठरलं आहे," ती म्हणाली.

"हो काय?" ती बाई म्हणाली आणि बसली. आभार प्रदर्शन सुरू झालं.

लोक पांगले. दिपाली वायर गुंडाळत गुंडाळत स्टेजपर्यंत आली. रीताने पाठ ताठ केली. आता ही विचारेल. विचारूच दे.

"काय वो, माह्यं ठरलं म्हणे? कोनासंग?"

रीताने माइक या हातातून त्या हातात घेतला. दिपाली हसायला लागली. हसता हसता खाली बसली.

"बरं केलं बापा! बाबा सकाळपासून त्या बाईच्या मागंमागं फिरून राह्यले होते. मले पुण्याले नोकरी लागली ना. पुढच्या महिन्यात चालली. तुले सांगाचंच होतं. आता साइट मी तिकडून पाहीन. तू फक्त नवीन नावं तक्त्यात भरत जाजो."

मोतीलालजी जाता जाता थांबले. "रीता, पुढल्या वर्षीही माइकवर तूच हं, बेटा."

"हो काका."

ते गेले. दिपालीने वायरचं वेटोळं पिशवीत टाकलं. रीताच्या हातात माइक होता. तो बंद करायचा राहिला होता. तिने तो बंद केला, मग विचारलं, "पुण्याला मराठीत एम.ए. झालेल्यांना काही काम असते काय गं?"

केसांतली पेन्सिल काढून दिपाली खाली पाहत राहिली. ती खरंच विचार करत होती, आणि तेच रीताला सगळ्यात जास्त लागलं.