ओहोळाचा शेवटचा डोह

तापलेल्या दगडांचा आणि त्यांच्याखाली सडणाऱ्या पानांचा मिळून एक वास येतो. ओला, कोंदट, किंचित गोडसर. माहेरच्या मागल्या ओहोळातून तो शिमग्यानंतर यायचा आणि आम्हाला त्याचं काहीच वाटत नसे. यंदा तो दिवाळीच्या फराळाबरोबरच घरात शिरला, आणि मला खरोखर भीती वाटली.

माथेरानच्या पायथ्याचे आमचे ओहोळ काही बारमाही नव्हेत. पावसाळ्यात दुथडी भरून वाहावं आणि उन्हाळ्यात निमूटपणे आटून जावं, हा त्यांचा धर्मच. त्यांच्या आश्रयानं जगणाऱ्या जीवांनीही तो आपला मानलेला. पाणी ओसरू लागलं की खेकडे काठाच्या ओलाव्यात खोल बिळं करतात, बेडूक चिखलात दडतात, पाण्यात वाढलेली चतुर किड्यांची पिल्लं पंख फुटून उडून जातात. आटण्यालाही किती शहाणपणाची तयारी असते! पण पावसानंच मध्येच पाठ फिरवली, तर ज्याचे पंख अजून फुटायचेत त्यानं काय करावं? वेळेवर आलेली कोरड ही विश्रांती असते. अवेळी आलेली मात्र वंशच बुडवते.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. ओहोळाची धार तुटली की डबक्यांत अडकलेले मासे, खेकड्यांची पिल्लं बायका बादलीत भरतात आणि खालच्या अंगाच्या मोठ्या डोहात नेऊन सोडतात. त्या डोहात कुणी गळ टाकत नाही. ते पुढच्या सालाचं बियाणं. भिसेगावच्या सासरहून मी दिवाळीला माहेरी गेले तेव्हा माझी थोरली भावजय, सुमनवहिनी, याच कामात होती. मीही पदर खोचला. एकेक डबकं आम्ही इतक्या मायेनं रिकामं केलं, की वरच्या अंगाला जीव म्हणून शिल्लक ठेवला नाही.

संक्रांतीच्या आधी तिचा फोन आला. "वन्सं, डोहाचं काय खरं नाय. तुमी येऊन बगा."

सकाळीच पोचले. अंगणाएवढा डोह न्हाणीएवढा उरला होता. पाणी काढ्यासारखं काळपट, आणि त्यावर माशांची इवली तोंडं, हवेसाठी उघडत मिटत होती. एरवी उन्हाळाभर पुरणाऱ्या त्या डोहात सबंध ओहोळाची दाटी झाली होती, आणि ती आमच्याच हातांनी.

"वर एकांदं डबकं ऱ्हाऊ दिलं असतं तर?" वहिनी म्हणाली.

"तेही आटलंच असतं, वहिनी," मी म्हटलं. पण दगडाखालच्या ओलीत काही तगलं असतं का, हा प्रश्न मनातून जाईना.

तिनं बादली बुडवली. पाच-पन्नास मासे वर आले, तळाशी एक खेकडा.

"आता कुटं नेऊ?"

मी वर पाहिलं, खाली पाहिलं. दोन्हीकडे नुसते दगड. गावच्या विहिरीनं तळ गाठलेला, तिच्यावर हंड्यांची रांग. वहिनीनं वाकून बादली त्याच डोहात, कुणाला लागू नये अशा बेतानं, हळूच रिकामी केली.